शेवटच्या लढाईची ढोलकी

कोड्याच्या गेमला ठेका द्यायचा नसतो. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे, की आता सांगताना माझाच आवाज मला चढलेला ऐकू येतो. माणूस विचार करत असताना त्याला मागून ढकलू नये. तिथे संतूरचे दोन-चार सुटे सूर पुरतात आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. शेतीच्या गेमला बासरी चालते, पण रडकी नको. नांगर धरलेल्याला कुणी विरहाचं गाणं ऐकवत नाही. गाड्यांच्या शर्यतीला सिंथ आणि जड बेस. भुताच्या गेमला संगीत जितकं कमी तितकं बरं. तानपुऱ्याची एक तार जराशी उतरवून ठेवली की काम होतं. पत्त्यांच्या गेमला काहीही चालतं, कारण पत्ते खेळणारा पहिल्याच दिवशी आवाज बंद करून टाकतो.

माझं काम हेच. इंदूरला भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत, मोबाइल गेम बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे कुठल्या गेमला कसलं संगीत द्यायचं ते मी ठरवते आणि बहुतेक वेळा मीच ते तयार करते. नातेवाइकांना हे काही केल्या कळत नाही. "म्हणजे तू दिवसभर गेम खेळते का?" असं मावशी अजून विचारते. मी हो म्हणते. दर वेळी कुणी समजावत बसायचं?

आमच्या कंपनीने, म्हणजे आमच्या मालक सरांनी, पहिल्यांदाच लढाईचा मोठा गेम करायला घेतला तेव्हाची ही गोष्ट. गेममध्ये एक मुलगी आहे, तिच्या हातात काठी आहे, आणि एका जुलमी राजाने तिचं गाव घेतलं आहे. ती गल्लीबोळांतून, बाजारातून, देवळातून लढत लढत नदीच्या पुलावर पोचते. पुलावर ती एकटी आणि समोर राजाची सगळी फौज. ती शेवटची लढाई. बाकीच्या सगळ्या लेव्हलचं संगीत माझं झालं होतं आणि सरांना आवडलंही होतं. पुलाचं तेवढं राहिलं होतं.

पुलावर काय वाजायला हवं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लढाईला बहुतेक लोक भीती घालणारं संगीत देतात: मोठे नगारे, कर्णे, गंभीर आवाजातलं आ-आ. ते राजासाठी ठीक आहे. पण मी राजाच्या बाजूने नव्हते. त्या मुलीला भीती घालून काय उपयोग? तिची भीती घालवणारं काहीतरी हवं होतं, आणि ते आमच्या घरात दिवाणावर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं.

माझे वडील ढोलकी वाजवतात. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले, पण आमच्या समाजात त्यांना कुणी टेलिफोनवाले म्हणून ओळखत नाही. आजोबा महूला फौजेत होते, तेव्हापासून आमचं घराणं महूचं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत तिथे गावोगावची माणसं येतात, गाण्याच्या पार्ट्या रात्रभर गातात, आणि पप्पांची पार्टी त्यातली एक. तालीम इथे इंदुरात, परदेशीपुऱ्यातल्या समाजाच्या हॉलमध्ये. गाणं संथ सुरू होतं. मग एकेका कडव्याला लय चढत जाते, कोरस उभा राहतो, आणि शेवटच्या कडव्याला ढोलकी अशी काही सुटते की बसलेला म्हातारासुद्धा मोर्चाला निघाल्यासारखा बूट शोधायला लागतो. आम्ही कुणाला घाबरायचं कारण नाही, हे मला भाषणांनी पटलं नाही. ते त्या ढोलकीने पटलं.

तर मी पप्पांना घरीच माइकसमोर बसवलं. कानात हेडफोन, हेडफोनमध्ये लयीची टकटक.

"हे कोण टकटक करतंय?"

"लय पक्की राहावी म्हणून आहे, पप्पा."

"मग मी काय कच्ची वाजवतो?" हेडफोन काढून त्यांनी उशीवर ठेवला. "याला काय समजणार, जोश कुठे आला ते!"

खरं तर गेमचं संगीत एका लयीत लागतं. तुकडा संपला की तोच पुन्हा सुरू व्हायचा असतो आणि खेळणाऱ्याला सांधा कळता कामा नये. हे माझं रोजचं काम. पण पप्पा वाजवायला लागले, लय चढत गेली, आणि माझे हात बटणावरून आपोआप बाजूला झाले. जे आलं ते इतकं सच्चं होतं की मी ते तसंच ठेवलं. शेवटाला सुरुवात जोडली, पुन्हा पुन्हा ऐकली आणि मला कुठेही खटकलं नाही. का खटकेल? आमच्या कार्यक्रमात हेच होतं. गाणं टोकाला पोचतं, टाळ्या होतात, गाणारा दोन शब्द बोलतो, पुढचं गाणं पुन्हा संथ सुरू होतं. जन्मभर ऐकलेला सांधा मला सांधा वाटलाच नाही. दुसऱ्या कुठल्या घरातल्या माणसाने ही चूक केली नसती.

आमच्याकडे गेम तपासायला रविवारी कोचिंगची मुलं-मुली बोलावतात. पोहे, जिलबी आणि वर भरपूर शेव, एवढ्यावर ती खूश असतात. त्या रविवारी ती पुलापर्यंत पोचली, ढोलकी चढत गेली, सगळे पुढे सरसावून बसले. मग तुकडा संपला आणि लय धपकन खाली आली. एकेकाची बोटं सैल पडली. पुलावरची मुलगी नेमकी तिथेच मरायची, प्रत्येकाची.

"अरे, मेरे को लगा खतम हो गया," एक मुलगी म्हणाली. तिने फोन खाली ठेवून जिलबीसुद्धा उचलली होती.

सर मागे उभे राहून बघत होते. सर म्हणजे कंपनीचे मालक, माझ्यासारखेच इंदूरचे मराठी, फक्त त्यांच्या घराण्यातली माणसं संस्थानाच्या काळात दरबारात मोठ्या हुद्द्यांवर. माणूस वाईट नाही. मला नोकरी देताना, "चला, ऑफिसात मराठीत बोलायला कुणी तरी मिळालं," म्हणाले होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लूप तर गडबडला," ते म्हणाले.

"हो सर. चूक माझी आहे. नीट करून देते."

"नाही, ते तर होऊन जाईल." त्यांनी पेन उचललं, ठेवलं. "हे जयंतीचं आहे ना?"

"जयंतीत वाजतं. वडिलांनी वाजवलंय."

"अच्छा, वडिलांनी! बढ़िया वाजवतात हं." पुन्हा पेन. "पण क्या है ना, लोक लगेच ओळखतात. मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही, आमच्याकडे तर सगळे येतात-जातात. पण गेम सगळ्यांसाठी आहे. उगाच कुणी काही लिहिलं तर? तू असं कर, पखवाज टाकून दे. त्याला एक वजन आहे. न्यूट्रल आहे."

माझं डोकं फिरलं. तरी मी शांत बोलले याचं मला आजही नवल वाटतं.

"सर, देवळाच्या लेव्हलला मी पखवाजच टाकलाय. तेव्हा हा कुणाचा, असं तुम्ही विचारलं नव्हतं."

"अगं, ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यांना सांगता आलं नाही. सांगता येत नाही म्हणून चिडले मात्र नाहीत, एवढं त्यांचं मानायला हवं. शेवटी ठरलं असं, की पुढच्या रविवारी पुलाची लढाई दोन्ही तऱ्हेने खेळायला द्यायची, एकदा पखवाजावर, एकदा ढोलकीवर. मग ते ठरवतील. मी हो म्हणून बाहेर आले. पाणी प्यायला गेले आणि तिथे मला रडू आलं, संतापाने. ढोलकी लढाईला शोभत नाही म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. शोभणं-न शोभणं हाच तर माझा धंदा. पण तिला बाहेर काढायचं होतं ते ओळखू येते म्हणून.

घरी येऊन मी पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते उसळतील. महूच्या स्टेजवर हा माणूस वाजवताना बघावा, वाघ वाटतो. पण ते चहाचा कप हातात धरून बसून राहिले.

"राहू दे ना बेटा," ते म्हणाले. "पखवाज तर पखवाज. चांगली नोकरी आहे. एका ढोलकीच्या पायी काय को पंगा घ्यायचा?"

"एका ढोलकीच्या पायी?"

"अरे, मी म्हणतो..."

"म्हणजे स्टेजवर ताठ मान आणि ऑफिसात मान खाली, असं आहे का पप्पा? मग स्टेजवर तरी कशाला वाजवायचं?"

हे मी बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही. पप्पांना लागलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग दिवाणाकडे गेले, चादर सोडली आणि ढोलकीची दोरी ओढून बघू लागले.

"यात गाणारा कोण आहे?" त्यांनी अचानक विचारलं.

"कशात?"

"तुझ्या त्या गेममध्ये. मी साथ कुणाला करतोय? गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून आम्ही वाजवतो. तो श्वास कुठे घेतो, कुठे चढवतो. तू मला उशीकडे बघून वाजवायला लावलं."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं, पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी लगेच आमच्या प्रोग्रामरला फोन लावला. हा मुलगा देवासकडचा, घरी माळवी बोलणारा, वयाने माझ्याएवढा, आणि सगळ्या जगाला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. मी त्याला पप्पांसमोर वेताच्या मोढ्यावर बसवलं आणि म्हटलं, पुलाची लढाई खेळ. पप्पांना म्हटलं, हा गाणारा.

"ये तो बेसुरा है," पप्पा त्याच्याकडे बघून म्हणाले.

"अंकलजी, मरता भी बहुत हूँ," तो म्हणाला.

तो खेळायला लागला आणि पप्पा त्याच्या तोंडाकडे बघत वाजवायला लागले. शिपाई लांब असताना नुसता ठेका. दोन-तीन अंगावर आले की तो दात आवळायचा, आणि पप्पांची बोटं घट्ट व्हायची. घेरला गेला की लय चढायची. त्यातून तो सुटला की पप्पा एक मोकळा घुमारा देऊन पुन्हा खाली यायचे, आणि हे खाली येणं धपकन नव्हतं. दम खाऊन परत उभं राहिल्यासारखं होतं. मी सगळं टिपून घेतलं. मग छोटे छोटे तुकडे केले, वेगवेगळ्या लयींचे, आणि एका लयीतून दुसरीत नेणारे जोडही त्यातूनच काढले. तुकडे इतके लहान, की लयीला पळून जायला वेळच नव्हता. कुठला तुकडा कधी वाजेल हे आता मी ठरवणार नव्हते. पुलावर किती शिपाई अंगावर आलेत ते बघून गेम ठरवणार होता.

"भिया, ये हो जाएगा," प्रोग्रामर मला म्हणाला. मी भिया नाही हे त्याला सांगणं मी केव्हाच सोडलं आहे.

पखवाजही मी तितक्याच मनापासून केला, हे इथे सांगून ठेवते. मुद्दाम पडका करणं सोपं होतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण मला तसं जिंकायचं नव्हतं. पखवाजाशी माझं भांडण नाही. तो देवळाच्या लेव्हलला माझ्याच हाताने गेला आहे आणि तिथे तो शोभतो.

रविवार आला. पोहे आले. मुलांना आम्ही काहीच सांगितलं नाही, फक्त दोनदा खेळा म्हटलं. पखवाजावर ती छान खेळली. "मस्त है", "एकदम रॉयल", अशी बोलत बोलत, एकमेकांना चिडवत. सर माझ्याकडे बघून हसले. मग ढोलकी लागली. आधी तो उठाव, गाणं सुरू होण्याआधी ढोलकीवाला जी एक सलामी देतो ती. आणि खोलीतलं बोलणं बंद झालं. कुणी काही चांगलं म्हटलं नाही, वाईटही नाही. कुणाला बोलायला सवड नव्हती. एकजण तर खेळता खेळता उभा राहिला. मागच्या रविवारी जिलबी उचलणारी ती मुलगी पुलावर मेली, आणि कुणी विचारायच्या आत तिने पुन्हा सुरू केलं. पोहे गार झाले.

सरांनी ते बघितलं. गेमच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. आपल्या डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारा तो माणूस नाही.

"मान्य," केबिनमध्ये ते म्हणाले. "ढोलकी ठेवू. फक्त एक कर. तो सुरुवातीचा पीस आहे ना, तो काढून टाक. त्याच्यामुळेच लगेच कळतं. बाकी फोक-फोक वाटेल, कुणाचं काही नाही."

म्हणजे ढोलकी घ्यायची, पण तिचा चेहरा पुसून. आमचा जोश हवा, आम्ही नको. मला आधीच्यासारखं रडू आलं नाही. उलट एकदम हलकं वाटलं, कारण आता काय बोलायचं ते स्वच्छ दिसत होतं.

"नाही काढणार सर."

"अगं, तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"माझं भलं मला कळतं. घ्यायची तर उठावासकट घ्या. तो निघाला तर मीही निघते. बाकीच्या लेव्हलचं संगीत ठेवा, ते कंपनीचं आहे. ही ढोलकी माझ्या घरची आहे, ती मी घरी घेऊन जाईन."

प्रोग्रामर दारात उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. "सर," तो अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला, "वो पीस निकाला ना, तो पूरा सिस्टम वापस से जोड़ना पड़ेगा। रिलीज आगे जाएगा।" हे धादांत खोटं होतं. एक ओळ पुसली असती की काम झालं असतं. सरांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना ते कळलं की नाही, मला आजतागायत माहीत नाही. "बघा मग तुम्ही लोक," म्हणाले आणि फोन उचलून कुणाशी तरी दुसरंच बोलायला लागले.

गेम उठावासकट बाहेर गेला.

काही दिवसांनी सर माझ्या टेबलाशी आले. हातात फोन, चेहरा परीक्षेचा निकाल लागल्यासारखा.

"ओळखलं लोकांनी," ते म्हणाले आणि फोन माझ्यापुढे धरला.

नागपूरहून कुणी लिहिलं होतं, नांदेडहून कुणी, एक आमच्या इंदूरचाच. 'भाई, पुल वाली लड़ाई में अपनी जयंती का ठेका है, रोंगटे खड़े हो गए.' 'आमच्या वस्तीतली ढोलकी गेममध्ये! कोण आहे हा वाजवणारा?' आणि मध्येच, व्हायचे तसे, दोन-तीन घाणेरडेही होते. हा कुणाचा बाजा लावलाय, असं विचारणारे, आणि पुढे शिव्या.

"आता काय करायचं?" सरांनी विचारलं. खरंच विचारत होते.

"काही नाही करायचं सर," मी म्हटलं. "ओळखावं म्हणूनच तर वाजवलंय."

संध्याकाळी घरी पप्पांना मी ते सगळं वाचून दाखवलं. शिव्या गाळून. पण वाचता वाचता मी कुठे अडखळते हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवलेला माणूस तो.

"जो गाळला, तो पण वाच," ते म्हणाले.

मी वाचला. सगळा, शिवीसकट. आई आत निघून गेली. पप्पांनी चष्मा पुसला.

"ही पुलाची लढाई शेवटची ना?"

"हो. तिथे पोचायला लोकांना दिवसचे दिवस लागतात."

"आणि आवाज बंद करायचं बटण असतं?"

"असतं. पहिल्याच पानावर."

"म्हणजे हा शेवटपर्यंत आला," पप्पा म्हणाले, "आणि त्याने बंद नाही केला." मग त्यांनी दिवाणावरून ढोलकी ओढून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "ऐकू दे त्याला."